हौशी प्रौढ आइस हॉकी

*हा लेख बर्फावर खेळल्या जाणाऱ्या हॉकीच्या प्रौढांसाठीच्या हौशी लीगविषयी आहे. मैदानावरील खेळासाठी 'हॉकी' हा लेख पाहा.*

हौशी प्रौढ आइस हॉकी हा आइस हॉकी या खेळाचा बिनव्यावसायिक प्रकार असून त्यात नोकरी-व्यवसाय सांभाळून फावल्या वेळात खेळणारे प्रौढ स्त्री-पुरुष भाग घेतात. कॅनडा आणि अमेरिकेत तो विशेष लोकप्रिय आहे. तेथे अशा स्पर्धांना बोलीभाषेत 'बिअर लीग' असे म्हणतात. सामन्यानंतर संघातील मंडळी एकत्र बसून बिअर पितात, या प्रथेवरून हे नाव पडले. स्वीडन, फिनलंड, रशिया, ब्रिटन इत्यादी देशांतही प्रौढांच्या हौशी लीग चालतात.

या खेळाचा गाभा व्यावसायिक आइस हॉकीसारखाच असला, तरी नियमांत काही महत्त्वाचे बदल केलेले असतात. शरीराने जाणूनबुजून धडक देण्यास बहुतेक लीगमध्ये मनाई असते आणि मारामारी करणाऱ्या खेळाडूला सामन्याबाहेर काढले जाते. सामन्यात उतरलेल्या प्रत्येकाला दुसऱ्या दिवशी धडधाकट अवस्थेत कामावर जाता यावे, ही या बदलांमागील मुख्य दृष्टी आहे. लेखी नियमांच्या जोडीला अलिखित संकेतांचाही मोठा संच या खेळात पाळला जातो.

## पार्श्वभूमी

बंदिस्त रिंकमधील पहिला संघटित आइस हॉकी सामना ३ मार्च १८७५ रोजी कॅनडातील मॉन्ट्रियल शहरात, व्हिक्टोरिया स्केटिंग रिंक येथे खेळला गेला, असे मानले जाते. त्याच्या आयोजनात जेम्स क्रायटन यांचा पुढाकार होता. त्या सामन्यात प्रत्येक बाजूस नऊ खेळाडू होते. पुढे खेळाचे नियम छापील स्वरूपात आले, खेळाडूंची संख्या कमी झाली आणि १९१७ मध्ये नॅशनल हॉकी लीग (एनएचएल) ही व्यावसायिक संघटना स्थापन झाली. आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघाची स्थापना त्याआधी, १९०८ मध्ये, पॅरिस येथे झाली होती.

बराच काळ संघटित आइस हॉकी म्हणजे मुलांचे, तरुणांचे आणि व्यावसायिकांचे क्षेत्र होते. मध्यमवयीन हौशी खेळाडूला गोठलेल्या तळ्यावरील अनौपचारिक खेळापलीकडे फारसा वाव नसे. १९७० च्या दशकात ही स्थिती बदलू लागली. कॅनडात मध्यमवयीन खेळाडूंसाठी 'ओल्डटाइमर्स' हॉकीची चळवळ उभी राहिली आणि १९७५ मध्ये कॅनेडियन ओल्डटाइमर्स हॉकी असोसिएशन ही संस्था स्थापन झाली. तीच आज 'कारहा हॉकी' या नावाने ओळखली जाते.

त्याच सुमारास अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात 'पीनट्स' या चित्रमालिकेचे निर्माते चार्ल्स शुल्झ यांनी सांता रोझा येथे ज्येष्ठ खेळाडूंची स्पर्धा सुरू केली. शुल्झ स्वतः हॉकी खेळत आणि तेथील रिंक त्यांनीच १९६९ मध्ये उभारली होती. त्यांच्या चित्रमालिकेतील कुत्र्याचे, स्नूपीचे, नाव या स्पर्धेला मिळाले.

कृत्रिम बर्फाच्या रिंक वाढल्या तसा प्रौढांचा सहभागही वाढला. पुढे बालपणी कधीही न खेळलेले, तिशी-चाळिशीत प्रथमच स्केट बांधणारे लोकही या खेळात आले. अनुभवी आणि नवखे अशा दोघांना एकाच बर्फावर खेळवायचे, तर नियम आणि शिस्त यांची फेरमांडणी करणे अपरिहार्य होते.

## लीगची रचना

### विभाग

हौशी लीगमध्ये संघांची विभागणी प्रामुख्याने कौशल्यानुसार केली जाते. सर्वांत वरच्या विभागाला 'ए' आणि त्याखालील विभागांना क्रमाने 'बी', 'सी', 'डी' अशी नावे देण्याची पद्धत सर्वपरिचित आहे. वरच्या विभागात महाविद्यालयीन किंवा कनिष्ठ व्यावसायिक पातळीवर खेळलेले खेळाडू असतात. सर्वांत खालचा विभाग नवशिक्यांचा असतो. याशिवाय वयानुसारही गट केले जातात. ३०, ४०, ५०, ६० आणि ७० वर्षांवरील खेळाडूंसाठी स्वतंत्र स्पर्धा भरवल्या जातात. महिलांच्या स्वतंत्र लीग असतात, तसेच अनेक ठिकाणी स्त्री-पुरुष एकाच संघात खेळतात.

### संघयादी आणि शुल्क

हंगामाच्या आरंभी प्रत्येक संघ आपल्या खेळाडूंची यादी लीगकडे सादर करतो. रिंकचे भाडे, पंचांचे मानधन आणि विमा यांचा खर्च खेळाडूंनी भरलेल्या शुल्कातून भागवला जातो. खेळाडू हा येथे पैसे घेणारा नसून पैसे देणारा असतो. प्रत्येक सभासदाला खेळण्याची साधारण समान संधी मिळावी, ही अपेक्षा यातूनच निर्माण होते.

बाद फेरीत खेळण्यासाठी साखळी फेरीतील किमान ठराविक सामने खेळलेले असणे बहुतेक लीगमध्ये बंधनकारक असते. अंतिम सामन्यापुरता एखादा निष्णात खेळाडू बाहेरून आणता येऊ नये, हा या नियमाचा हेतू आहे. गोलरक्षक मिळणे अवघड असल्याने त्यांच्याबाबत हा नियम काहीसा सैल असतो.

### वेळ

रिंकवरील सायंकाळच्या वेळा सामान्यतः मुलांचे प्रशिक्षण आणि फिगर स्केटिंग यांसाठी राखीव असतात. त्यामुळे प्रौढांचे सामने बहुधा रात्री उशिरा सुरू होतात. भाड्याची वेळ ठरलेली असते आणि ती संपताच बर्फ गुळगुळीत करणारे यंत्र रिंकवर येते. हे यंत्र फ्रँक झाम्बोनी यांनी १९४९ मध्ये कॅलिफोर्नियात तयार केले आणि त्यांच्याच आडनावाने ते ओळखले जाते. यंत्र बर्फावरून पूर्णपणे बाहेर जाऊन त्याचे दार बंद होईपर्यंत कोणीही बर्फावर पाऊल ठेवायचे नाही, हा सर्व रिंकवरील सक्तीचा नियम आहे.

## खेळाचे मूलभूत नियम

प्रत्येक संघाचे एका वेळी सहा खेळाडू बर्फावर असतात : एक गोलरक्षक, दोन बचावपटू आणि तीन आघाडीपटू. उत्तर अमेरिकेतील प्रमाणित रिंक २०० फूट लांब व ८५ फूट रुंद असते आणि तिच्याभोवती कठडा असतो. गोलची चौकट ६ फूट रुंद व ४ फूट उंच असते. खेळ 'पक' नावाच्या कठीण रबरी चकतीने खेळला जातो. ही चकती १ इंच जाड, ३ इंच व्यासाची आणि साधारण १५६ ते १७० ग्रॅम वजनाची असते.

दोन निळ्या रेषांमुळे रिंकचे तीन भाग होतात. आक्रमक संघाच्या खेळाडूने चकतीच्या आधी प्रतिस्पर्ध्याच्या निळ्या रेषेपलीकडे जाणे म्हणजे 'ऑफसाइड'. मध्यरेषेच्या अलीकडून मारलेली चकती कोणाचाही स्पर्श न होता प्रतिस्पर्ध्याची गोलरेषा ओलांडून गेली, तर त्यास 'आइसिंग' म्हणतात. दोन्ही प्रसंगी खेळ थांबतो आणि पंच दोन खेळाडूंच्या मध्ये चकती टाकून तो पुन्हा सुरू करतात. याला 'फेस-ऑफ' असे नाव आहे.

खेळाडू बदलण्यासाठी खेळ थांबण्याची वाट पाहावी लागत नाही. एक खेळाडू राखीव बाकाजवळ परतताच दुसरा बर्फावर उतरतो. ठरलेल्या संख्येपेक्षा अधिक खेळाडू बर्फावर आढळल्यास संघाला शिक्षा होते.

## हौशी लीगमधील नियमांचे वेगळेपण

हौशी लीग सामान्यतः आपल्या देशातील राष्ट्रीय संघटनेची नियमपुस्तिका आधारभूत मानतात. अमेरिकेत यूएसए हॉकीची, तर कॅनडात हॉकी कॅनडाची. तिच्यावर प्रत्येक लीग स्वतःचे पोटनियम जोडते. ते सर्वत्र एकसारखे नसल्याने नव्या लीगमध्ये येणाऱ्या खेळाडूने ते आधी वाचणे अपेक्षित असते. वारंवार आढळणारे बदल पुढीलप्रमाणे आहेत.

शरीरधडकेस मनाई. चकतीपासून प्रतिस्पर्ध्याला दूर करण्यासाठी खांदा, कंबर किंवा धड यांनी त्याला जोरात धडकणे म्हणजे 'बॉडी चेक'. व्यावसायिक पुरुष हॉकीत हे वैध कौशल्य मानले जाते. हौशी लीगमध्ये त्यास बहुधा मनाई असते. मात्र धडक आणि स्पर्श यांत भेद केला जातो. दोन खेळाडू एकाच चकतीमागे धावत असता खांद्याला खांदा लागणे, किंवा बचावपटूने आपली जागा धरून उभे राहिल्याने प्रतिस्पर्ध्याचा मार्ग अडणे, हे खेळाचा भाग समजले जाते. समोरच्याला पाडण्याच्या उद्देशाने वेग घेऊन त्याच्यावर जाणे हा गुन्हा ठरतो. या दोहोंमधील सीमारेषा प्रसंगी पुसट असते, आणि हौशी हॉकीतील बहुसंख्य वाद तिच्याभोवतीच घडतात.

स्लॅप शॉटवर निर्बंध. स्टिक खांद्यामागे उचलून पूर्ण ताकदीने चकती मारण्याच्या फटक्यास 'स्लॅप शॉट' म्हणतात. नवशिक्याच्या हातून तो भरकटण्याचा आणि उंच उचललेली स्टिक इतरांना लागण्याचा धोका असल्याने अनेक लीग, विशेषतः खालच्या विभागांत, त्यास बंदी करतात. मनगटाच्या झटक्याने मारलेला फटका मात्र सर्वत्र चालतो.

सलग चालणारे घड्याळ. प्रमाणित सामना प्रत्येकी २० मिनिटांच्या तीन सत्रांचा असतो आणि खेळ थांबला की घड्याळही थांबते. हौशी सामन्यात सत्रे अनेकदा लहान असतात किंवा घड्याळ न थांबता चालत राहते. गुणफरक थोडा असेल, तर शेवटची काही मिनिटे घड्याळ थांबवून खेळवण्याची तरतूद काही लीग करतात.

आइसिंगचा तात्काळ निर्णय. व्यावसायिक खेळात आइसिंगचा निर्णय काही अंशी दोन खेळाडूंच्या शर्यतीवर अवलंबून असतो. या शर्यतीत मागच्या कठड्यावर आदळून गंभीर दुखापती होऊ शकतात. म्हणून हौशी सामन्यात चकतीने गोलरेषा ओलांडताच पंच शिटी वाजवतात.

मोठ्या गुणफरकाची तरतूद. एका संघाची आघाडी ठराविक गोलांपेक्षा वाढल्यास घड्याळ सलग चालू ठेवले जाते किंवा सामना लवकर संपवला जातो.

## शिक्षा

नियमभंग करणाऱ्या खेळाडूला ठराविक काळ शिक्षाकक्षात बसावे लागते आणि त्या काळात त्याचा संघ एका खेळाडूने कमी खेळतो. प्रतिस्पर्धी संघाला मिळणाऱ्या या संख्याधिक्यास 'पॉवर प्ले' म्हणतात. शिक्षेचे प्रमुख प्रकार असे :

- किरकोळ शिक्षा : २ मिनिटे. प्रतिस्पर्ध्याला अडखळवून पाडणे, स्टिकने अडकवणे, धरून ठेवणे, स्टिकने फटका मारणे, चकती जवळ नसताना वाट अडवणे इत्यादींसाठी. या काळात संख्येने अधिक असलेल्या संघाने गोल केल्यास शिक्षा तेथेच संपते.
- मोठी शिक्षा : ५ मिनिटे. गंभीर किंवा दुखापत करणाऱ्या कृत्यासाठी. गोल झाला तरी ही शिक्षा संपत नाही.
- गैरवर्तन शिक्षा : १० मिनिटे. प्रामुख्याने पंचांशी उद्धट वागणे, अर्वाच्य बोलणे यांसाठी. खेळाडू बाहेर बसतो, पण त्याच्या जागी दुसरा उतरू शकतो.
- सामन्यातून हकालपट्टी : खेळाडूला उर्वरित सामना खेळता येत नाही.
- मॅच पेनल्टी : जाणूनबुजून इजा केल्याबद्दल किंवा तसा प्रयत्न केल्याबद्दल. यात हकालपट्टीबरोबर निलंबन आणि चौकशीही होते.
- पेनल्टी शॉट : गोल करण्याची स्पष्ट संधी नियमबाह्य रीतीने हिरावल्यास त्या खेळाडूला एकट्याने गोलरक्षकासमोर जाण्याची संधी दिली जाते.

सलग घड्याळावर दोन मिनिटांची शिक्षा प्रत्यक्षात फारच अल्प ठरते, कारण फेस-ऑफची तयारी होईपर्यंत तिचा बराच भाग निघून जातो. म्हणून काही लीग किरकोळ शिक्षा तीन मिनिटांची ठेवतात किंवा फेस-ऑफ झाल्यानंतरच ती मोजू लागतात. एकाच सामन्यात ठराविक संख्येहून अधिक शिक्षा घेणाऱ्याला घरी पाठवण्याचा पोटनियमही रूढ आहे. किरकोळ आगळीक सातत्याने करून खेळ नासवणाऱ्याला त्यामुळे आळा बसतो.

पाठीमागून धडक देणे आणि डोक्याला लक्ष्य करणे यांकडे विशेष कठोरपणे पाहिले जाते. कठड्याकडे तोंड करून असलेल्या खेळाडूला मागून ढकलल्यास त्याचे डोके कठड्यावर आदळून मानेच्या मणक्यांना इजा होऊ शकते.

### मारामारी

एनएचएलमध्ये मारामारीसाठी सामान्यतः पाच मिनिटांची शिक्षा होते आणि ती भोगून खेळाडू सामन्यात परत येऊ शकतो. दूरचित्रवाणीवर असे सामने पाहणाऱ्यांचा मारामारी हा हॉकीचा स्वीकृत भाग आहे, असा समज होतो. यूएसए हॉकी आणि हॉकी कॅनडा यांच्या नियमांनुसार मात्र मारामारी करणाऱ्याला मोठ्या शिक्षेसोबत सामन्यातून बाहेर काढले जाते. हौशी लीग त्यावर पुढील काही सामन्यांच्या निलंबनाची भर घालतात. भांडणात तिसरा म्हणून उडी घेणारा, तसेच राखीव बाकावरून उठून भांडणात सामील होणारा खेळाडू अधिक दोषी मानला जातो.

## शिस्तपालन

गंभीर घटनेनंतर पंच लेखी अहवाल सादर करतात आणि लीगचे व्यवस्थापक किंवा शिस्तपालन समिती निर्णय घेते. निलंबनाचा कालावधी एका सामन्यापासून आजीवन बंदीपर्यंत असू शकतो. कृत्य हेतुपुरस्सर होते का, दुखापत कितपत झाली आणि खेळाडूचा पूर्वेतिहास काय, या गोष्टी विचारात घेतल्या जातात. निलंबित असताना दुसऱ्याच्या नावाने खेळल्यास शिक्षा वाढते, आणि त्या संघाचा सामना प्रतिस्पर्ध्याला बहाल केला जाऊ शकतो.

वंश, वर्ण, धर्म, भाषा, लिंग, लैंगिक कल किंवा अपंगत्व यांवरून प्रतिस्पर्ध्याचा अवमान करणे हा स्वतंत्र आणि गंभीर गुन्हा आहे. त्यासाठी हकालपट्टी आणि निलंबन या दोन्हींची तरतूद आहे.

### पंच

हौशी सामन्यात सामान्यतः दोन पंच असतात. व्यावसायिक सामन्यातील चार अधिकाऱ्यांचे काम त्यांना दोघांनाच करावे लागते, त्यामुळे काही नियमभंग नजरेतून सुटणे स्वाभाविक असते. निर्णयाविषयी विचारणा करण्याचा अधिकार कर्णधार आणि उपकर्णधार यांनाच असतो. तीही नियमाच्या अर्थाविषयी करायची असते. पंचांनी जे पाहिले किंवा पाहिले नाही, त्याबद्दल हुज्जत घालता येत नाही. पंचाला हेतुपुरस्सर धक्का देणे हा सर्वांत गंभीर अपराधांपैकी एक होय. खेळाडूंच्या शिवीगाळीला कंटाळून अनेक पंच काम सोडतात आणि नवे पंच मिळणे कठीण होते. पंच न मिळाल्यास सामनाच होऊ शकत नाही, हे लक्षात घेऊन लीग याबाबत कडक धोरण ठेवतात.

## साधने आणि सुरक्षा

हेल्मेट, खांद्यांचे, कोपरांचे व नडग्यांचे संरक्षक, जाड हातमोजे, गुडघ्यापर्यंत येणारी गादीयुक्त विजार आणि जननेंद्रियाचे संरक्षक कवच ही नेहमीची साधने होत. हेल्मेट सक्तीचे असते. चेहरा पूर्ण झाकणारी जाळी अनेक लीगमध्ये प्रौढांना ऐच्छिक असून काही खेळाडू डोळ्यांपुरती अर्धी काच वापरतात. दात आणि जबडा यांचा विचार करता पूर्ण जाळी अधिक सुरक्षित आहे.

२८ ऑक्टोबर २०२३ रोजी इंग्लंडमधील शेफील्ड येथे व्यावसायिक सामन्यात प्रतिस्पर्ध्याच्या स्केटचे पाते मानेला लागून अमेरिकी खेळाडू अॅडम जॉन्सन यांचा मृत्यू झाला. या घटनेने मानेच्या संरक्षक पट्ट्याचा प्रश्न सर्व पातळ्यांवर ऐरणीवर आला. इंग्लंडमधील हॉकी संघटनेने १ जानेवारी २०२४ पासून हा पट्टा सक्तीचा केला. आंतरराष्ट्रीय महासंघानेही आपल्या स्पर्धांत प्रौढ खेळाडूंना तो बंधनकारक केला. अमेरिकेत ही सक्ती अल्पवयीन खेळाडूंपुरती असून प्रौढांना तो वापरण्याची शिफारस केली जाते.

डोक्याला मार लागून मेंदूला हादरा बसल्याचा संशय आल्यास खेळाडूने त्या दिवशी पुन्हा खेळू नये आणि लक्षणे शमल्यावर टप्प्याटप्प्याने, वैद्यकीय सल्ल्यानेच परतावे, हे तत्त्व आता सर्वमान्य आहे. हौशी सामन्यात डॉक्टर किंवा प्रशिक्षक हजर नसल्याने ही जबाबदारी सहकाऱ्यांवर येते.

प्रौढ खेळाडूंच्या बाबतीत हृदयविकाराचा धोकाही दुर्लक्षून चालत नाही. आइस हॉकीत थोडा वेळ अतितीव्र श्रम आणि मग विश्रांती असे चक्र चालते. आठवडाभर बैठे काम करणाऱ्या मध्यमवयीन व्यक्तीच्या हृदयावर त्यामुळे एकाएकी मोठा ताण पडतो. म्हणून वैद्यकीय तपासणी, खेळापूर्वी अंग मोकळे करणे आणि छातीत दुखू लागताच खेळ थांबवणे यांवर भर दिला जातो. अनेक रिंकवर हृदयाला विद्युतझटका देणारे स्वयंचलित यंत्र ठेवलेले असते. ते कोठे आहे हे संघातील प्रत्येकाला ठाऊक असावे.

## अलिखित संकेत

नियमपुस्तिकेत नसलेले, पण जुने खेळाडू नव्यांना शिकवतात असे अनेक संकेत आहेत.

- बर्फावरील आपली पाळी साधारण ४५ सेकंद ते एक मिनिट एवढीच ठेवावी. दमल्यावरही बर्फावर रेंगाळणे म्हणजे सहकाऱ्याची पाळी बळकावणे होय.
- सरावाच्या वेळी आपल्या गोलरक्षकाच्या डोक्याच्या दिशेने फटके मारू नयेत. तो सज्ज होईपर्यंत सावकाश, खालून फटके मारावेत.
- शिटी वाजल्यावर चकती गोलकडे मारू नये आणि गोलरक्षकाजवळ थांबताना त्याच्या तोंडावर बर्फाचा चुरा उडवू नये.
- कौशल्याने सरस असलेल्या खेळाडूने एकट्यानेच गोल करत सुटू नये. नवख्या सहकाऱ्यांकडे चकती द्यावी.
- सामना हातचा गेला किंवा पूर्णपणे हाती आला असेल, तर खेळाचा जोर कमी करावा.
- कोणी जखमी झाल्यास खेळ थांबवून सर्वांनी एका गुडघ्यावर बसावे किंवा बाजूला उभे राहावे. तो उठल्यावर दोन्ही संघ स्टिक बर्फावर किंवा कठड्यावर आपटून त्याला दाद देतात.
- सामना संपल्यावर दोन्ही संघांनी रांगेत येऊन हस्तांदोलन करावे. ही प्रथा हॉकीची ओळख मानली जाते. रागाच्या भरात रांगेतच भांडण उकरून काढणाऱ्याला लीगकडून शिक्षा होते.

'शिनी' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अनौपचारिक खेळात पंचही नसतात. सर्वांच्या स्टिक मध्यभागी गोळा करून त्या आलटून पालटून दोन बाजूंना टाकतात आणि त्यानुसार संघ पडतात. तेथे सारी शिस्त खेळाडूंच्या विवेकावर अवलंबून असते.

सामन्यानंतरच्या बिअरवरून या लीगला नाव मिळाले असले, तरी अनेक रिंकवर कपडे बदलण्याच्या खोलीत मद्यपानास मनाई असते. सामन्यापूर्वी मद्यपान करून बर्फावर उतरणे सर्वत्र निषिद्ध आहे.

## पातळी लपवण्याचा प्रश्न

आपल्या कुवतीपेक्षा खालच्या विभागात मुद्दाम खेळून सहज विजय मिळवणे, हा हौशी लीगमधील जुना आणि न सुटलेला प्रश्न आहे. यात प्रतिस्पर्ध्यांचा केवळ पराभव होत नाही. वेगातील तफावतीमुळे नवशिक्यांना दुखापत होण्याची शक्यता वाढते आणि पैसे भरूनही त्यांना खेळाचा आनंद मिळत नाही. यावर उपाय म्हणून लीग खेळाडूंचे गुणांकन करतात, प्रत्येक विभागात अनुभवी खेळाडूंच्या संख्येवर मर्यादा घालतात आणि सातत्याने मोठ्या फरकाने जिंकणाऱ्या संघाला वरच्या विभागात हलवतात. गुणांकन मुख्यतः खेळाडूने स्वतः दिलेल्या माहितीवर आधारलेले असल्याने त्याचे यश प्रामाणिकपणावर अवलंबून राहते.

## कायदेशीर बाजू

आइस हॉकी खेळताना काही दुखापतींचा धोका खेळाडूने स्वीकारलेला असतो, असे न्यायालये मानतात. सहभागापूर्वी खेळाडूकडून तशा आशयाच्या पत्रावर स्वाक्षरीही घेतली जाते. ही संमती अमर्याद नसते. खेळाच्या वाजवी कक्षेबाहेरील कृत्याबद्दल दिवाणी आणि फौजदारी अशी दोन्ही प्रकारची कारवाई होऊ शकते.

व्यावसायिक क्षेत्रात ८ मार्च २००४ रोजी व्हँकूव्हर येथील सामन्यात टॉड बर्टुझी यांनी स्टीव्ह मूर यांच्यावर मागून केलेला हल्ला विशेष गाजला. बर्टुझी यांनी त्याच वर्षी न्यायालयात गुन्हा कबूल केला. मूर त्यानंतर एनएचएलमध्ये पुन्हा खेळू शकले नाहीत.

हौशी हॉकीच्या दृष्टीने कॅनडातील ऑंटेरियो प्रांताच्या वरिष्ठ न्यायालयाने २०२० मध्ये दिलेला निर्णय महत्त्वाचा आहे. ओटावा येथे २०१२ साली, शरीरधडकेस मनाई असलेल्या प्रौढांच्या हौशी लीगच्या सामन्यात एका खेळाडूला जोरदार धडक बसून मेंदूला हादरा बसला आणि त्याचे दात मोडले. धडक देणाऱ्याला न्यायालयाने जबाबदार धरले आणि ७ लाख कॅनेडियन डॉलरहून अधिक भरपाई देण्याचा आदेश दिला. लीगचा 'धडक नको' हा नियम केवळ शिक्षाकक्षापुरता मर्यादित नाही. खेळाडूंनी परस्परांशी किती काळजीपूर्वक वागावे हे ठरवतानाही तो विचारात घेतला जातो, हे या प्रकरणातून दिसते.

## इतर देशांत

स्वीडनमध्ये कामगार-कर्मचाऱ्यांच्या क्रीडाचळवळीतून आलेली हौशी हॉकी 'कोर्पहॉकी' या नावाने ओळखली जाते. रशियात हौशी प्रौढांसाठी 'नाइट हॉकी लीग' २०११ मध्ये सुरू झाली आणि तिच्या अंतिम फेऱ्या सोची येथे होतात.

भारतात आइस हॉकी मुख्यत्वे लडाखमध्ये, हिवाळ्यात गोठणाऱ्या तळ्यांवर खेळली जाते. भारतीय आइस हॉकी संघटना १९८९ मध्ये आंतरराष्ट्रीय महासंघाची सदस्य झाली. उत्तर अमेरिकेप्रमाणे वर्षभर चालणाऱ्या प्रौढांच्या हौशी लीगसाठी कृत्रिम बर्फाच्या रिंक आवश्यक असतात आणि भारतात त्यांची संख्या फार थोडी आहे. २०११ मध्ये दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी डेहराडून येथे अशी रिंक उभारण्यात आली, तर अलीकडे लेह येथेही कृत्रिम बर्फाची सोय झाली आहे.

## हेही पाहा

- आइस हॉकी
- हॉकी
- नॅशनल हॉकी लीग
- आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघ
- लडाख